मीठ बघायला तिकीट!

मराठी घरातून कुठं जायला किती वेळ लागतो, हे अंतरावर ठरत नाही. बरोबर कोण आहे यावर ठरतं. पोलंडमधल्या क्राकोव शहरापासून व्येलिच्काची मिठाची खाण चौदा-पंधरा किलोमीटर. मुख्य स्थानकावरून लोकल सुटते, अर्ध्या तासाच्या आत शेवटच्या स्टेशनात पोचवते आणि तिथून खाण चालत दहा मिनिटं. इथले लोक सकाळी उठतात, पाण्याची बाटली घेतात आणि निघतात. संध्याकाळी परत येऊन कपडेसुद्धा धुतात. आमच्याकडे या सहलीची पहिली बैठक झाली तेव्हा उन्हाळा नुकता लागला होता, आणि प्रत्यक्ष गाडीत पाय ठेवला तेव्हा सासूसासऱ्यांच्या परतीच्या बॅगा वजनकाट्यावर चढायला लागल्या होत्या.

सभासदांची ओळख करून देते. बाबा, म्हणजे माझे सासरे, कोल्हापूरला एसटीत वाहतूक नियंत्रक होते. हयातभर त्यांनी गाड्या फलाटावर लावल्या, सोडल्या, फेल गेलेल्या गाडीचे प्रवासी मागच्या गाडीत कोंबले. त्यामुळे मिनिटाला मिनिट धरून येणाऱ्या गाडीवर त्यांचा विश्वास नाही. अशी गाडी काहीतरी लपवतेय, असं त्यांना वाटतं. आईंकडे, म्हणजे सासूबाईंकडे, अन्न व औषध खातं. आत्या या बाबांच्या थोरल्या बहीण. लग्न होऊन शिरोड्याला गेल्या, वेंगुर्ल्याच्या बाजूला, आणि तेव्हापासून मासे, आंबे आणि मीठ या तीन विषयांत त्यांचा शब्द शेवटचा. नवरा तक्ते करतो; कचेरीत पगारासाठी आणि घरी हौसेनं. लेक इथल्या शाळेत जाते, पोलिश फाडफाड बोलते आणि मराठी मनात भाषांतर केल्यासारखं बोलते. मी या सगळ्यांचं म्हणणं थोडं मवाळ करून एकमेकांना पोचवते.

राजवाडा बघून झाला होता. चौक झाला होता, चौकातली कबुतरं झाली होती. एका रात्री जेवताना नवरा म्हणाला, "आता खाण बघू या."

"खाणीत काय बघायचं?" आई.

"मीठ."

थोडा वेळ फक्त ताटांचा आवाज. मग आत्यांनी विचारलं, "तिकीट असतं?"

"असतं."

"मीठ बघायला तिकीट?"

आत्यांची हरकत पैशांची नव्हती, तत्त्वाची होती. 1930 साली शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. सरकारला न जुमानता लोकांनी मिठागरातलं मीठ उचललं, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. "त्या गावची सून मी," आत्या म्हणाल्या, "आणि मिठाकडे नुसतं बघायचे पैसे मोजू? हातात तरी देतात का?" नवऱ्यानं चुकून सांगितलं की हातात देत नाहीत, पण भिंत चाटायला हरकत नसते. आईंनी पोळी खाली ठेवली.

मग त्यानं तक्ता उघडला. सातशे वर्षं मीठ निघालेली खाण. एके काळी पोलंडच्या राजाच्या खजिन्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा मिठातून यायचा. जमिनीखाली 327 मीटरपर्यंत खोल, आत दोनशेहून जास्त किलोमीटरचे बोगदे, आणि पर्यटकांना त्यातले जेमतेम दोन टक्के दाखवतात. कोपर्निकस येऊन गेला असं मानतात, गटे 1790 मध्ये आला होता. युनेस्कोनं 1978 मध्ये जागतिक वारशाची पहिलीवहिली यादी केली, त्यात अख्ख्या जगातल्या फक्त बारा जागा होत्या, आणि त्यातली ही एक.

"वेरूळ होतं त्या बारांत?" बाबांनी विचारलं.

नव्हतं. वेरूळ-अजिंठा 1983 साली आले.

"म्हणजे कैलास लेण्याच्या आधी मीठ?" बाबा म्हणाले आणि ताक प्यायले. ठराव तिथंच पडला असता. तो वाचवला कोल्हापूरनं.

दुसऱ्या महायुद्धात रशियातून कशीबशी सुटलेली पाचएक हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, 1943 ते 1948 कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला छावणीत राहिली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होत होती. पुढं त्याच जागी फाळणीनंतर आलेले सिंधी लोक वसले आणि आज तिथं गांधीनगरचा कापडबाजार आहे. कोल्हापूरकर लग्नाचा बस्ता बांधायला जातो तिथं एके काळी पोलिश मुलं पाढे म्हणत होती, हे कोल्हापूरकरालाही पुष्कळदा माहीत नसतं. बाबांना माहीत होतं, कारण त्यांच्या वडिलांनी ती गोरी पोरं डोळ्यांनी पाहिलेली. वॉर्सातही आता या छावणीचं स्मारक आहे. नवऱ्यानं हा विषय काढताच बाबा ताठ बसले.

"या लोकांनी आमचं मीठ खाल्लंय," ते म्हणाले. "आता त्यांचं मीठ बघून येणं आपलं कर्तव्य आहे. काय अक्का?"

आत्यांचं तत्त्व कर्तव्यापुढे नमलं. सहल मंजूर झाली, आणि खरी कामं तिथून सुरू झाली.

पहिल्यांदा व्हॉट्सअॅपवर गट निघाला. आम्ही सहाही जण एका घरात राहत असताना गट कशाला, हे विचारायचं नसतं. गटात पुण्याच्या वन्सं, ठाण्याची मावशी आणि साताऱ्याचे एक काका आले. काकांनी आजवर पासपोर्ट काढलेला नाही, पण युरोप त्यांना पाठ आहे. "सकाळची पहिली गाडी धरा," असा त्यांचा आदेश आला. मावशीनं एकच शब्द लिहिला: "कानटोपी."

त्या शब्दानं आठवडा खाल्ला. खाणीत बारा महिने तेरा काळ सतरा-अठरा अंश तापमान असतं. बाहेर त्या दिवसांत अठ्ठावीस-तीस. नवऱ्याचं म्हणणं, एक पातळ स्वेटर पुरे. आईंचं म्हणणं, कोल्हापुरात सोळाला लोक शेकोटी पेटवतात आणि इथं तर जमिनीखाली जायचंय. "जमिनीखाली ऊन पोचत नाही," हा त्यांचा मुद्दा भूगोलाच्या दृष्टीनं बिनतोड होता. शेवटी तिघांच्या तीन कानटोप्या, दोन शाली आणि बाबांचा तो खाकी स्वेटर, जो रात्रपाळीला मिळाला होता आणि ज्याची कोपरं आईंनी दोनदा विणून काढली आहेत, एवढा ऐवज निघाला. तो ठेवायला बॅग लागली. मग लेकीनं सांगितलं की मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत.

लेक शाळेच्या सहलीतून तिथं जाऊन आली होती. ही गोष्ट तिनं आधी सांगितली नव्हती, कारण तिला कोणी विचारलं नव्हतं. तिच्याकडून माहिती अशी थेंबाथेंबानं गळायची आणि प्रत्येक थेंबाला एक बैठक. असंच एके रात्री वरणभात खाताना ती म्हणाली, "आणि सुरुवातीला पायऱ्या आहेत."

"किती?"

"तीनशे ऐंशी."

आईंनी चमचा थांबवला. "चढायच्या?"

"नाही, उतरायच्या. पूर्ण फिरून मिळून आठशे होतात. पण शेवटी वर यायला लिफ्ट आहे."

आत्यांच्या गुडघ्यांनी आयुष्यात एवढा अन्याय ऐकला नव्हता. वर यायला लिफ्ट आणि खाली जायला पायऱ्या, हा कारभारच उलटा. गुडघेदुखी असलेला कोणीही माणूस सांगेल की चढताना दम लागतो, पण उतरताना कळ येते. नवऱ्यानं चौकशी केली. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांच्यासाठी आधी कळवून लिफ्टनं खाली जायची सोय होते, चाकाच्या खुर्चीसाठी वेगळा मार्गही आहे. हे त्यानं आनंदानं सांगितलं. सोय कुणासाठी आहे हे ऐकल्यावर आत्यांनी पदर खोचला. "मला खुर्चीत घालून नेणार? शिरोड्याच्या घरी दिवसातून दहादा माडी चढते मी." आता पायऱ्या हा प्रतिष्ठेचा प्रश्न झाला. गुडघ्याचे पट्टे आणि मलम तक्त्यात गेले.

गाडीचं खातं बाबांकडे. त्यांनी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर वेळापत्रक काढलं आणि त्यात गाडी फेल गेली तर, पाऊस आला तर, संप झाला तर, असे तीन रकाने पाडले. लोकल अर्ध्या तासानं असते हे सांगितल्यावर म्हणाले, "कागदावर." ही गाडी एका टोकाला विमानतळावर जाते आणि दुसऱ्या टोकाला व्येलिच्काला, आणि क्राकोवचं मुख्य स्थानक मध्ये पडतं. म्हणजे चुकीच्या बाजूच्या गाडीत बसलो तर थेट विमानतळ.

हे ऐकून आई आत गेल्या आणि सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन आल्या. "असू देत," म्हणाल्या. "चुकून तिकडं गेलोच तर हातात काही नको?" मला या युक्तिवादातली चूक अजून सापडलेली नाही.

खाणीत एकट्यानं फिरता येत नाही. वाटाड्या घेऊनच जावं लागतं, आणि तिकिटावर वेळ आणि भाषा ठरलेली असते. पोलिश, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश अशा भाषा मिळतात. मराठी नाही हे वेगळं सांगायला नको. बाबांनी तरी विचारलं. इंग्रजी घ्यावी आणि लेकीनं मराठी करून सांगावं असं ठरलं. वेळेवरून मात्र जुंपली. बाबांची पूजा, आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या, आत्यांचे सकाळचे दोन चहा आणि नंतरची एक अत्यंत खासगी अडचण, हे सगळं आटोपून मुख्य स्थानकात पोचायला साडेदहा. बाबांचा नियम, गाडीच्या आधी पाऊण तास फलाटावर. म्हणजे सव्वाअकराची गाडी. म्हणजे दुपारची वेळ. म्हणजे डबा.

डब्याबद्दल मी कमी लिहिणार आहे, कारण घरात अजून तो विषय संवेदनशील आहे. खाणीत 125 मीटर खाली चांगलं उपाहारगृह आहे, असं नवऱ्यानं सुचवलं. आईंनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तक्त्यातली ती ओळ त्यानं स्वतःहून पुसली. थालीपिठं, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, दहीभात, लिंबाचं लोणचं. मोठी बॅग चालत नाही म्हणून हे सहा जणांच्या छोट्या पिशव्यांत विभागलं. मला दहीभात आला. बाबांच्या स्वेटरच्या खिशात लोणच्याची बाटली गेली. सगळी तयारी बघून पुण्याच्या वन्संनी गटावर लिहिलं, "मुक्कामी आहे का?"

बाकी, या सगळ्या बैठकांचा एक फायदा मी नाकारणार नाही. भांडणं घरीच उरकली. ज्या विषयांवर फलाटावर बोलणी झाली असती, त्या प्रत्येकावर आधीच दोनदा रुसवे-फुगवे होऊन गेले होते. निघायच्या दिवशी सगळे इतके दमलेले होते की एकमेकांशी फार गोड वागत होते.

गाडी लागली. बाबा दारासमोर उभे राहिले. दार उघडेना. या गाड्यांची दारं बटण दाबल्यावर उघडतात. कोणीतरी आतून उघडेल, अशी बाबांची समजूत. आतले लोक बाबा दाबतील म्हणून वाट बघतायत. लेकीनं हात घालून बटण दाबलं. आत जाऊन बाबांनी आधी दारापासून दारापर्यंत गाडी तपासली. सायकली उभ्या टांगायची जागा पाहून थांबले, मान हलवली आणि एका खिडकीशी बसले. गाडी सुटली ती न शिट्टी, न धक्का. "निघाली?" आईंनी विचारलं. बाबांनी घड्याळ पाहिलं. मिनिटाचाही फरक नव्हता. ते काही बोलले नाहीत, पण चेहऱ्यावर एका जुन्या कर्मचाऱ्याचं दुःख होतं.

आमच्या घरचा दुसरा नियम: गाडी हलल्याशिवाय डबा उघडायचा नाही, आणि हलल्यावर थांबायचं नाही. कोल्हापूर-पुणे प्रवासात हा नियम सोयीचा आहे. इथं सगळ्या प्रवासालाच अर्धा तास नाही. झाब्लोत्सिए स्टेशन येईतो पिशव्या सुटल्या. ओस्कार शिंडलरचा कारखाना इथंच, त्याचं आता संग्रहालय झालंय, हे नवरा सांगत होता तेव्हा आई कागदी ताटल्या मांडत होत्या. प्वाशुव्हला थालीपीठ वाढून झालं. तिथल्या छळछावणीबद्दल तो एक वाक्य बोलला आणि मग गप्प राहिला. आईंनीही हात थांबवला. पुढच्या स्टेशनाला लसणाची चटणी उघडली आणि डब्यातले सगळे पोलिश प्रवासी एकदम जागे झाले.

समोर एक आजीबाई बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीत भाजी. त्या बराच वेळ बघत होत्या. आईंनी काही न बोलता अर्धं थालीपीठ पुढं केलं. आजीबाईंनी वास घेतला, तुकडा मोडला, खाल्ला आणि म्हणाल्या, "दोब्रे." लेकीनं भाषांतर करायची गरज पडली नाही. बाबांनी संधी साधून लेकीमार्फत वळिवड्याची हकिगत सुरू केली. आजीबाईंना वळिवडं माहीत नव्हतं. पण युद्ध, मुलं आणि कोल्हापूर हे तिन्ही त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि उतरताना बाबांचा हात हातात घेऊन दाबला. दुसऱ्या मिनिटाला शेवटचं स्टेशन आलं. अर्धी दशमी तोंडात, अर्धी हातात, ताटल्या पिशवीत, लोणचं बाबांच्या खिशात. झाकण सैल होतं हे खाली उतरल्यावर कळलं.

पायऱ्यांची भीती आम्ही इतके दिवस बाळगली होती, पण त्यांची रचना कुणी विचारली नव्हती. लाकडी जिना. सात पायऱ्या, वळण. सात पायऱ्या, वळण. पासष्ट मीटरच्या आसपास खाली पोचेपर्यंत हेच. दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर आईंच्या लक्षात आलं. "सात सातच आहेत हो," त्या बाबांना म्हणाल्या. "सप्तपदी." नवऱ्यानं हिशेब केला, चोपन्न वेळा. "एकदा घातली तेवढी पुरे झाली," बाबा म्हणाले, पण आईंचा हात सोडला नाही. आत्या सगळ्यांत पुढं होत्या. त्यांच्या मागून येणाऱ्या जर्मन कुटुंबाला त्यांनी थांबून वाट दिली नाही, कारण मग दमल्या असं दिसलं असतं.

खाली गेल्यावर पहिली निराशा रंगाची. मीठ पांढरं नाही, करडं आहे. काळसर दगडासारखी भिंत. आत्यांनी बोटानं घासलं, बोट जिभेला लावलं आणि सगळं मंडळ निकालाची वाट बघत थांबलं. "अळणी," आत्या म्हणाल्या. हे विज्ञानाला धरून नाही. पण नावडतीचं मीठ कोणत्या देशात खारट लागलंय?

वाटाड्यानं राजकन्या किंगाची गोष्ट सांगितली, ती लेकीनं आमच्या भाषेत आणली. किंगा हंगेरीची. लग्न ठरलं क्राकोवच्या ड्यूकशी. तिनं बापाला लग्नात सोनंनाणं नको, मीठ दे म्हटलं. मग तिकडच्या खाणीत तिनं अंगठी टाकली, इकडं पोलंडला आल्यावर एका जागी खणायला सांगितलं, आणि मिठाच्या पहिल्या ढेकळात तीच अंगठी निघाली. "म्हणजे तिनं अंगठी खड्ड्यात टाकली आणि ती दुसऱ्या देशातल्या खड्ड्यात सापडली," लेकीनं सारांश केला. बाबांना चौकशी करावीशी वाटली, पण आत्यांना गोष्ट पटली. "रुखवतात अख्खी खाण आणली हो सुनेनं," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी आणलेला मिक्सर कोल्हापूरला अजून चालू आहे, हे मी नोंदवून ठेवते. किंगाला 1999 साली पोपनी संतपद दिलं. मला तेवढी अपेक्षा नाही.

मेणबत्तीच्या उजेडात काम करणारे ते जुने लोक बाबांना भावले. खाणीत मिथेन वायू साठायचा. एक माणूस ओली कापडं अंगाला गुंडाळून, लांब काठीला पेटता पलिता बांधून, जमिनीवर सरपटत जायचा आणि छताशी साठलेला वायू थोडा थोडा जाळून टाकायचा. सगळ्यांच्या आधी तो जाणार, मग बाकीचे. "पहिल्या गाडीचा ड्रायव्हर," बाबा म्हणाले. घोडेही होते. एकदा खाली आणलेला घोडा बहुधा खालीच म्हातारा व्हायचा. शेवटची घोडी बाश्का 2002 मध्ये वर नेली. बाबांनी ते साल दोनदा विचारून घेतलं. मग लेकीला म्हणाले, "तिला पेन्शन होती का, विचार." लेकीनं खरंच विचारलं. वाटाड्या हसला आणि आम्ही पुढं सरकलो.

किंगाच्या प्रार्थनामंदिरात मात्र आमचं कुटुंब चक्क गप्प झालं. जमिनीखाली 101 मीटर. चोपन्न मीटर लांब दालन, बारा मीटर उंच, आणि सगळं मिठाचं. फरशी वाटते ती फरशी नाही, एकाच मिठाच्या थरावर खोदून काढलेल्या रेषा आहेत. झुंबरांचे लोलकही मिठाचे. मीठ विरघळवून पुन्हा स्फटिक केलेलं, म्हणून काचेसारखं स्वच्छ. भिंतीवर येशूचं शेवटचं जेवण कोरलंय, खोली फारशी नाही, पण बघताना टेबल पार मागपर्यंत गेल्यासारखं दिसतं. हे कोणा नामांकित शिल्पकाराचं काम नव्हे. दोघे मार्कोवस्की भाऊ आणि अंतोनी विरोदेक, खाणीतलीच माणसं, आणि काम 1896 ला सुरू होऊन 1963 पर्यंत चाललं. आईंनी चपला काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं. वाटाड्यानं पाहिलं आणि तोही काही बोलला नाही. आत्यांनी पुन्हा भिंतीला बोट लावलं, पण जिभेला लावलं नाही.

ही खाण 1989 पासून नऊ वर्षं युनेस्कोच्या धोक्यातल्या वारशांच्या यादीत होती, आणि कारण होतं दमट हवा. मिठाचं शिल्प, त्याला ओल सोसत नाही, आणि बाहेरून येणारी हवा, माणसांचे श्वास, सगळं ओलंच. पुढं हवा कोरडी करणारी यंत्रणा बसवली तेव्हा यादीतून नाव निघालं. हे कळल्यापासून बाबा चर्चा थांबवा, श्वास वाचवा, असं ज्याला त्याला सांगत होते. व्यावसायिक मीठ काढणं 1996 मध्येच बंद झालं. आता इथं निघतात ती मुख्यतः तिकिटं, आणि वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसं ती काढतात. शिरोड्याच्या मिठागरांनी यावर विचार करावा, असं आत्यांचं नंतरचं मत आहे. तत्त्वं परदेशात बदलतात.

वर येताना लिफ्ट. खाणकामगारांची खरी लिफ्ट, अंधारी, अरुंद, आणि माणसं इतकी चिकटवून उभी करतात की बाबांना घर आठवलं. "जागा आहे, पुढं सरका," ते मराठीत म्हणाले आणि आश्चर्य म्हणजे लोक सरकले. मिनिटभरात उजेडात. दहीभात आम्ही बागेतल्या बाकावर खाल्ला. त्याच बागेत काटेरी फांद्यांवरून मिठाचं पाणी झिरपवणारा एक लाकडी मनोरा आहे. त्याच्याभोवतीची खारी हवा छातीला चांगली म्हणून लोक तिथं फेऱ्या मारतात. आत्यांनी एक फेरी मारली, खोल श्वास घेतला आणि म्हणाल्या, "शिरोड्याला हे फुकट आहे." कानटोप्या कोणी घातल्या नाहीत. त्यांचं ओझं सगळ्यांनी वाटून वाहिलं.

माझा निकाल विचाराल तर, जा. तिकीट स्वस्त नाही, पण पैसे वसूल होतात. भाषा आणि वेळ बघून आधीच काढा; उन्हाळ्यात आयत्या वेळी मिळेलच असं नाही. चालायचे बूट घाला, एक पातळ स्वेटर हातात ठेवा, डबा वर बागेत खा, लोणच्याची बाटली घरी ठेवा. घरात ज्येष्ठ असतील तर त्यांना पायऱ्यांचा आकडा पहिल्याच दिवशी सांगा, थेंबाथेंबानं नको. आणि गुडघे दुखत असतील तर लिफ्टनं खाली जायची सोय आधी कळवून खरोखर होते. त्यात मान-अपमान आणू नका. आत्या पुढचे चार दिवस पलंगावरून उतरल्या नाहीत.